कानावर थोडे राहू दे

चौल नाक्यावर हिरामणचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक बाक आणि भिंतभर आरसा. शुक्रवारी सकाळी मी दाढीसाठी बाकावर बसलो होतो, तेव्हा कुलदीप आला. मला पाहून त्याने चपला दाराबाहेर काढल्या. सलूनात कोणी चपला काढत नाही, पण माझे विद्यार्थी काढतात. बत्तीस वर्षं मी इथल्या प्राथमिक शाळांतून शिकवलं.

"बसा गुरुजी, तुमचा नंबर पयला," तो म्हणाला.

"तू बस. मला घाई नाही. परवा तळा गावाला तुला पाहणार आहेत, मला नाही."

कुलदीप तीस वर्षांचा आहे. ट्रेलर चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. तळ्याचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगी सुचिता, नर्स. कुलदीपचे वडील नाहीत, म्हणून त्याची आई ठमाबाई माझ्याकडे आली होती. म्हणाली, "गुरुजी, तुमी बरोबर चला. तुमच्या शब्दावर मानसं इश्वास ठेवतात. पोरावर कधी आवाज चढवला न्हाय असा मास्तर कुठं हाय?"

मी हो म्हणालो होतो.

कुलदीपने खुर्चीत बसून मोबाइल हिरामणच्या पुढे धरला. कुणा देखण्या पोराचा फोटो होता, केस मागे चोपून बसवलेले, चकचकीत.

हिरामणने फोटो पाहिला, मग कुलदीपचं डोकं पाहिलं. "या फोटोच्या आदी अर्धा तास कोनतरी त्याचे केस बसवत व्हतं. तुझे कोन बसवनार? क्लीनर?"

"मग तूच सांग. फक्त रोज आरशापुढं उभं राहायला लावू नको. गाडीतून उतरलो की मानसात दिसलो पायजे, बस."

हिरामणने पाण्याची बाटली उचलली नाही. कोरड्या केसांतच बोटं घालून तो कुठले केस कुठे वळतात ते पाहत राहिला. मला बरं वाटलं. शिकवण्याआधी पोर कुठे अडतं ते बघावं लागतं, तसंच हे.

"तुझे केस लाटांचे," तो म्हणाला. "ओले केले की गुमान खाली बसतात आनि सुकले की वर उडी मारतात. ओले कापले तर उद्या तू मला शिव्या देशील. म्हनून सुकेच कापतो. वर तीन बोटं ठेवायचे, पन सगळे सारखे न्हाय. टोकाला कातरी उभी धरून आत मारतो, म्हंजे एक लांब, एक आखूड. एकावर एक बसतात, दाट दिसतात. विस्कटले तरी मुद्दाम विस्कटलेत असं वाटतं."

"आनि बाजूला?"

"बाजूला मशीन. बारीक."

कुलदीपने बोट लावून दाखवलं. "डाव्या कानावर थोडे राहू दे."

हिरामणने तिथले केस फणीने वर उचलले. कानाच्या वर अंगठ्याएवढी पांढरट रेघ होती. तिच्यावर केस उगवत नाहीत. कुलदीप एरवी गाडी थांबेल तिथे केस कापून घेतो, त्यामुळे हिरामणने ती पहिल्यांदाच पाहिली.

"कशानं रं हे?"

"चिंचेवरनं पडलो. तिसरीत असताना."

कुलदीपने आरशात माझ्याकडे पाहिलं नाही. हिरामणने मात्र मान वळवून विचारलं, "व्हय गुरुजी? लय वांड व्हता का हा?"

"होता थोडा," मी म्हणालो.

तो वांड नव्हता. माझ्या वर्गातला तो सगळ्यांत गप्प मुलगा होता. हातच्याची वजाबाकी त्याला येत नव्हती, म्हणून मी त्याला शाळा सुटल्यावर तिथल्याच ओसरीवर बसवून शिकवायचो. पाच-सहा दिवस झाले होते. त्या दुपारी शून्यातून सात वजा करताना तो अकराव्यांदा चुकला. अकरावी वेळ होती हे मला आजही माहीत आहे, कारण मी मनात मोजत होतो. मुलाच्या चुका मोजायला लागलो की आपण शिकवणं सोडलेलं असतं, हे मी नंतर कित्येक नव्या शिक्षकांना सांगितलं. कुठून शिकलो ते नाही सांगितलं.

मी त्याच्या हातातली पाटी हिसकली आणि फेकली. त्याच्यावर नेम धरून नाही, पण तो बाजूलाच बसला होता. पाटीच्या चौकटीला पत्र्याचा कोपरा होता. सहा टाके पडले. रेवदंड्याच्या डॉक्टरांकडे मीच त्याला उचलून नेलं.

हिरामणची कातरी चालू होती. मशीन त्याने उजव्या बाजूलाच लावलं. डावीकडे कातरीनेच उतरत्या मापात केस घेतले आणि कानावर छपराचं पाखं सोडल्यासारखं केलं. रेघ दिसेनाशी झाली. कारागिरी उत्तम होती. माझ्याच्याने बघवत नव्हतं, तरी मी बघत होतो.

"आता ऐक," हिरामणने पांढऱ्या मेणाची डबी उघडली. "दोन दिवसाआड डोकं धू. टॉवेलनं घासू नको, दाब. थोडे ओले असताना हरभऱ्याएवढं हे घ्यायचं, तळव्यावर चोळायचं आनि बोटं केसात घालायची. फणी न्हाय. हेल्मेट काढलं की परत बोटं घाल, दोन झटके दे. न्हायतर केस दबतात आनि तुझी ती रेघ बाहेर येते. दीड महिन्यानं ये."

"बाटलीतलं पन कायतरी मिळतं ना? फवारा?"

"मिठाच्या पान्याचा. केस भरदार दिसतात."

"मिठाच्या पान्याचा? अरे, माझा बाप जनमभर मिठागरात उभा व्हता. चाळिशीत टक्कल पडलं त्याला."

हिरामण हसला. मीही हसलो. कुलदीप आरशात स्वतःकडे पाहत होता, तो हसत नव्हता.

माझी दाढी होईपर्यंत तो बाहेर मोटरसायकलवर बसून होता. मी बाहेर आलो तशी त्याने चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"गुरुजी, मी वांड व्हतो?"

मी ताज्या दाढीवरून हात फिरवला.

"चिंचेचं मी सांगितलं. तुमी न्हाय, मीच. आठ वर्षांचा व्हतो. तुमची बदली व्हईल असं वाटलं मला. पन आज तुमाला कोनी गळा धरून विचारलं नव्हतं. तुमी नुसतं गप्प बसला असता तरी चाललं असतं."

"कुलदीप, मी..."

"परवा तिकडं इचारतील. नर्स हाय ती, तिला दिसनारच. तिला मी चिंच सांगनार न्हाय. लगीन खोट्यावर सुरू करायचं न्हाय मला. आनि तुमचं नाव पन मी घेनार न्हाय. तुमाला यायचं असलं तर या." त्याने गाडी सुरू केली. "ताप आलाय असं सांगितलंत तरी आई मानेल."

पुढचे दोन दिवस मला तो ताप फार जवळचा वाटला. संध्याकाळी माझ्या ओट्यावर गल्लीतली सात-आठ मुलं गणितं घेऊन बसतात. शनिवारी मी त्यांना लवकर घरी पाठवलं. लोक मला ज्या एका गोष्टीसाठी मानतात, ती एका लहान मुलाने मला सांभाळायला दिली होती आणि मी ती माझीच म्हणून वापरत आलो होतो. ती गेली तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

रविवारी मी ठमाबाईबरोबर जीपमध्ये बसलो. कुलदीप मोटरसायकलने पुढे गेला.

तळ्याला पोचलो तेव्हा तो सुचिताच्या घरासमोर हेल्मेट काढत होता. केस दबले होते. रेघ स्वच्छ दिसत होती. त्याने हेल्मेट आरशाला अडकवलं आणि केसांना हातही न लावता तो आत गेला.

पोहे झाले, चहा आला. सुचिताच्या वडिलांनी गाडीबद्दल, घराबद्दल विचारलं. सुचिता समोरच बसली होती. मान खाली घालणाऱ्यातली ती नव्हती.

"हे कशानं लागलं?" तिने सरळ कुलदीपला विचारलं.

त्याने उत्तर द्यायच्या आत ठमाबाईने तोंड उघडलं, "चिंचेवरनं..."

"नाही ठमाबाई," मी म्हणालो. "हा कधीच झाडावरून पडला नव्हता. माझ्या शाळेत लागलं. वजाबाकी चुकला म्हणून मी रागाने पाटी फेकली, ती लागली. इतकी वर्षं मी गप्प बसलो."

बशीवर कप टेकल्याचा आवाज आला, माझाच. सुचिताचे वडील माझ्याकडे आणि मग जमिनीकडे पाहू लागले. "गुरुजी" म्हणून त्यांनी मला आत घेतलं होतं.

सुचिताचा आवाज वाढला नाही. दवाखान्यात ती असंच विचारत असेल. "टाके घालताना डॉक्टरांनी विचारलंच असेल. काय सांगितलं?"

"हा म्हणाला, झाडावरून पडलो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवशी याला मॉनिटर केला."

तिने कुलदीपकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, "तुम्ही आठ दिवसांनी पुन्हा या. आपण बोलू." तिने रिकामे कप उचलले. माझा अर्धा होता, तो ठेवला.

ठमाबाई एकदाही माझ्याकडे वळली नव्हती. आता तिने हात लांब करून कुलदीपच्या कानावरचे केस बोटाने बाजूला केले. तो हलला नाही.

"मी याला मारला व्हता, गुरुजी," ती म्हणाली. "पट्टी बांधलेली व्हती तवाच. निगडीच्या फोकानं, दोन फोक मोडंपर्यंत. झाडावर चढला म्हनून. हा वरडला न्हाय, नुसता उभा राह्यला."