एक किलो नऊशे

वजन: एक किलो नऊशे.

सासूने बाळाच्या काट्यावरचा आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं. "आमच्या लॉन्ड्रीत एका गिऱ्हाइकाचं गाठोडं याहून जड असतं."

सून खाटेवर होती. सिस्टर एकेक प्रश्न वाचत फॉर्म भरत होती.

दिवस पूर्ण भरले होते?

"भरले की. हिनेच अंगी लावून घेतलं नाही," उत्तर सासूचं. "पुढ्यात ताट ठेवावं तर नाकं मुरडायची."

आईच्या अंगात रक्त कमी?

"आजकालच्या पोरी. दुसरं काय."

गरोदरपणात ताप?

"छे. मी रोज कपाळाला हात लावून बघत होते."

बघत होती, हे खरं. तीस वर्षं इस्त्री धरलेला हात. त्या हाताला तापला तवाही कोमट लागायचा. पाचव्या महिन्यात सून दोन चादरींखाली दात वाजवत पडली, तेव्हा त्याच हाताने निकाल दिला: गार आहेस, ऊठ, शर्टांचा ढीग पडलाय. मग घाम. मग एक दिवस बरं. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी.

ताप: नाही.

"दूध ओढतोय. उद्या घरी न्या," सिस्टर म्हणाली.

"सुटलो बाई. कामं खोळंबलीत."

"सिस्टर, ताप होता."

सासू गर्रकन वळली. "जीभ फार सुटली का गं?"

"थंडी वाजून यायचा. एक दिवसाआड. तीन आठवडे."

"एवढं सांगायला आत्ता सुचलं?" सिस्टर खेकसली. "औषध?"

"दवाखान्यात नेलंच नाही."

"म्हणजे मी मारलं का तुझ्या पोराला?"

"आजी, बाजूला व्हा. मलेरिया असणार. त्याचे जंतू वारेत साठतात, पोटातल्या बाळाचं पोषण अडतं. आईचं रक्तही तोच खातो. दोघांचं रक्त तपासायचं. बाळ कुठेही जाणार नाही."

"म्हणजे याला उपाशी मी नाही ठेवलं," सून म्हणाली. सासूकडे बघून म्हणाली.

सासूने पिशवी उचलली. "राहा इथेच. आणि पुढे कुठे राहायचं तेही बघून ठेव. येऊ दे माझ्या मुलाला, सांगतेच."

"सांगा. तीन आठवडे म्हणून सांगा. कमी करू नका."

दार आपटलं. सिस्टरने सुई काढली. "आधी कुणाचं?"

"त्याचं."

"पाय घट्ट धर. हलला तर पुन्हा टोचावं लागेल."

टाच धरायला तिची दोन बोटं पुरली.