तिची बोटं, त्याचा पाय

शेकायच्या कांडीच्या टोकाला राख अर्ध्या पेराएवढी वाढली होती आणि अजून पडत नव्हती – मानरोंग तिच्याकडेच बघत होती, कारण राखेकडे बघणं सोपं होतं. राखेआड कांडीत भरलेल्या नागदवण्याच्या वाळल्या पाल्याचा लाल निखारा, निखाऱ्याखाली म्याओ काकांची नडगी, तिच्यात टोचलेली सुई, आणि सुईच्या दोन्ही बाजूंना टेकवलेली तिची स्वतःची दोन बोटं. अर्धांगाच्या रोग्याला चटका कळत नाही, तो वैद्यानं आपल्या बोटांनी ओळखायचा. वडिलांनी हे शिकवलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून तेहेतीस वर्षांत तिच्या हातून एकालाही फोड आला नव्हता.

आणि आज बोटांना काहीच कळत नव्हतं.

सकाळी सून ओरडली होती, “अहो आई, हात भाजेल!” – वाफेच्या टोपलीतला पाव मानरोंगनं कितीतरी वेळ मुठीत धरला होता. “कामानं कातडं राठ झालंय गं,” ती हसून म्हणाली होती. आता तर्जनीवर टचटचीत फोड होता... न दुखणारा. गेले काही महिने नाडी बघतानाही बोटं जराशी – नाही, थंडी असेल. थंडी? उन्हाळ्यातल्या सणाला दारावर बांधलेला नागदवणा अजून वाळलासुद्धा नाही, आणि मी थंडीची सबब सांगतेय.

“आज गप्पशा?” म्याओ काकांनी विचारलं. जन्मभर यांगत्से नदीवर नाव चालवलेला हा म्हातारा, डावं अंग गेल्यापासून दर मंगळवारी यायचा. “पाय शिजला की सांगा हं, डॉक्टरबाई. वरून आलं भुरभुरवू.”

“हलू नका. सुई आहे.”

कांडी वर घ्यावी? किती वर? फार घेतली तर ऊब पोचणार नाही, आणि खाली... कातडी गुलाबी दिसतेय की खिडकीतलं ऊन पडलंय? सांगून टाकावं, काका, आजपासून दुसऱ्या कुणाकडे जा. पण मग हे हात घेऊन मी करू काय? तिला भीती वाटत होती, लहान मुलाला वाटते तशी, सरळ आणि निलाजरी.

“आई गं!”

तिनं कांडी झटकन उचलली. “भाजलं?”

“भाजलं!” म्हातारा कोपरावर उठला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. “भाजलं हो, डॉक्टरबाई! ह्या मेल्याला कळलं! काय हात आहे तुमचा!” त्यानं धडक्या हातानं तिची बोटं घट्ट धरली. तिला पकड कळली, हाताची ऊब कळली नाही.

नडगीवर लाल डाग उठला होता. तिनं सुई काढली, मलम लावलं. आनंद झाला, खरंच झाला, क्षणभर. मग तिला त्या लुळ्या पायाचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःची लाज वाटली.

“पुन्हा लावा,” काका म्हणाले. “खरंच कळलं की भास, बघू द्या.”

नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं. तिनं डाग सोडून दुसरी जागा निवडली, कांडी चांगली उंच धरली आणि दोन बोटं टेकवली – काका बघत होते म्हणून.

“कळतंय का?” तिनं विचारलं. बधिर पायाच्या माणसाला हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं.

काकांनी डोळे मिटले. “थांबा जरा...”

ती थांबली – निखारा आपल्याच हातात असून तो किती तापलाय हे दुसऱ्यानं सांगायची वाट बघत.