वाफ्यातली मेथी

लातूरला जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवऱ्याला, गुरुपादप्पाला, नव्या कचेरीत नोकरी लागली, म्हणून शिवकांता दोन वर्षांच्या बसूला घेऊन चाकूरकडच्या गावातून शहरात आली होती. त्या वर्षी पाऊस रुसला तो रुसलाच. बाजारात भाजीच्या जुड्या बोटाएवढ्या झाल्या आणि भाव असा, की बाया नुसत्या हात लावून पुढं जायच्या.

बसू दूध-साखरेत कुस्करलेल्या भाकरीशिवाय कशाला तोंड लावत नव्हता. पाय काटकुळे झाले होते. सासूबाई, गंगम्मा, पाडव्याला आल्या तेव्हा त्याचे दंड चाचपून म्हणाल्या, "पोरगं वाळून चाललंय की गं. हिरवं काही घालतीस का न्हाई पोटात?"

तेव्हापासून गावाकडून ओल्या फडक्यात बांधलेली मेथी नाहीतर आंबट चुका येऊ लागला. त्यांच्याच गावचा पंचाक्षरी एसटीत कंडक्टर होता. शिवकांता स्टँडवर जाऊन त्याच्याकडून गाठोडं घ्यायची.

पहिल्या खेपेला तिनं जीव ओतून भाजी केली. बसूनं घास थुंकला. गूळ घातला, थुंकला. काऊचा घास, चिऊचा घास केला, तर ताटलीच भिरकावली. शेवटी ती भाजी शेजारच्या म्हशीच्या पुढ्यात गेली. दुष्काळातली म्हैस ती, तिनं फडक्यासकट खाल्ली असती.

"काय वैनी, खातो का नातू?" पुढच्या खेपेला पंचाक्षरीनं विचारलं. "म्हातारी माझा जीव खाती. आदी ते सांग, मग पुढं जा म्हणती."

"हाव, खातो की. चाटूनपुसून खातो." शिवकांता बोलून गेली. एवढ्या लांबून आलेली भाजी म्हशीला घातली हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

झालं. पुढच्या खेपेला गाठोडं दुप्पट आलं. मग दर आठवड्याला. ती दर वेळी घासभर बसूच्या तोंडाशी नेई, तो मान फिरवी, आणि ती म्हशीकडं बघे.

वैशाखात एकदा पंचाक्षरी गाठोडं देताना नेहमीसारखा हसला नाही.

"वैनी, म्हातारीला जरा समजावा. दिसाआड जेवून राहिली."

"का? बरं न्हाई का?"

"बरं हाय. टँकर घरटी दोनच घागरी देतो. एक प्यायला, सैपाकाला. दुसरी आंगुळीची, तर ती दिसाआड मेथीच्या वाफ्याला जाती. आंगुळ न्हाई तर लिंगपूजा न्हाई, अन् पूजेबिगर ती घास घेत न्हाई. तुमाला ठावं हाय की."

शिवकांताला ठाऊक होतं. तापात फणफणलेल्या गंगम्माही अंघोळ-पूजेशिवाय जेवत नसत. तिच्या हातातलं ओलं फडकं एकदम जड झालं. घरी न जाता ती बसूला कडेवर घेऊन त्याच गाडीत बसली.

गंगम्मा परसात वाफ्याशी तांब्या घेऊन बसल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. नातवाला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आला माझा मेथीखाऊ!"

"आत्या," शिवकांता उंबऱ्यातूनच म्हणाली, "त्यानं एक पानसुद्धा खाल्लं न्हाई. मी खोटं सांगितलं."

तांब्या तसाच राहिला. "मग कुणी खाल्ली?"

"शेजारच्या म्हशीनं."

गंगम्मांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दूध तिचंच घालतीस का पोराला?"

"हाव."

"मग गेली की पोटात, वळसा घालून." त्या हसल्या, पण हसताना त्यांना धाप लागली. शिवकांताला वाटलं, आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी मेथी खुडून परतली, भाकरी घेऊन दोघांपुढं बसल्या. बसूनं तोंड मिटून घेतलं.

"तू खातीस का गं त्याच्यासमोर?"

शिवकांतानं मान खाली घातली. पोराची म्हणून भाजीला ती बोट लावत नव्हती. रोज त्याच्यासमोर चटणी-भाकरी खायची.

"मग तो काय भिताडाकडं बघून शिकंल? खा."

तिनं घास घेतला. बसू तिच्या तोंडाकडं टक लावून बघू लागला. तिसऱ्या घासाला त्यानं हात पुढं केला. थोडं थुंकलं, थोडं गिळलं. गंगम्मांनी टाळी वाजवली आणि ताट तिच्याकडं सरकवलं. त्या दिवशी त्यांची जेवायची पाळी नव्हती. भाकरीला हात लावणार नव्हत्या. शिवकांतानं हातातला घास ताटात ठेवला.

ती उठली. वाफ्याशेजारची घागर उचलून नहाणीच्या दगडाशी नेली.

"अगं, ती भाजीची!"

"उठा आत्या. आंघोळ करा. तेच पाणी वाफ्यात जाऊ द्या."

"लिंगाला दाखवायची भाजी आंगुळीच्या पाण्यावर? लेकराच्या तोंडात ते? मला पाप लावतीस का?"

"पाप माझ्या नावावर घाला."

"तुझ्या नावावर आदीच लई झालंय," गंगम्मा म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठल्या.

शिवकांता खुरपं घेऊन नहाणीपासून वाफ्यापर्यंत चर ओढू लागली. जमीन दगडासारखी होती. मागं नहाणीत तांब्याचा आवाज आला तरी तिनं वर बघितलं नाही.