धाविकाच्या माळावर

गजेंद्रला माळावर घेऊन जायचं उज्वलानं ठरवलं, तेव्हा घरात कोणालाच ते पटलं नाही. धाकटा दीर कैलास सकाळच्या अंधुक उजेडात वांग्यांचे कॅरेट टेम्पोत चढवत होता. वहिनी गाडीची काच पुसताना दिसली तसा तो हात झटकत जवळ आला.

"वहिनी, या दिवसांत त्या माळावर कुत्रं बी फिरकत नाई. दादाले उनाचं तरी समजते का आता?"

"समजलं तर तथलंच समजन त्याईले," ती म्हणाली. "घरातलं तर काईच समजत नाई."

कैलासनं भावाला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि दार हळूच लोटलं. गजेंद्रच्या गळ्यात दुर्बीण होती. ती उज्वलानंच अडकवली होती.

गजेंद्र कृषी सहायक होता. आष्टी-कारंज्याकडच्या गावांमध्ये त्याची उभी नोकरी मोटरसायकलवर गेली, आणि बोंडअळी पाहायला गेलेला माणूस बांधावरची पाखरं पाहत बसू लागला. कोणी शिकवलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत इतर लोक महाबळेश्वरला जायचे, हा बायकोला आणि पोरीला गाडीत घालून उघड्या माळांवर न्यायचा. उज्वलाला पाखरांत गोडी नव्हती. ती गाडीतच बसायची, पदरानं वारा घ्यायची, संत्री सोलायची, आणि गजेंद्र उन्हातून लाल होऊन परत आला की विचारायची, "झालं का?" आणि त्याचं कधीच झालेलं नसायचं.

मग दोन-अडीच वर्षांपूर्वी तो बोलता बोलता अडू लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची. एकदा सेलूच्या बाजारात मोटरसायकल ठेवून चालत घरी आला आणि गाडी कुठे म्हटलं तर हसला. एकदा आपल्याच वावरात उभं राहून त्यानं कैलासला विचारलं, "हे वावर कोनाचं?" नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि सांगितलं की हा म्हातारपणाचा विसरभोळेपणा नाही. काहींना हे पन्नाशीतच गाठतं. औषधानं थोडं थांबेल, मागे फिरणार नाही.

होळीनंतर तो जवळजवळ मुकाच झाला. पण मागच्या आठवड्यात भेंडीच्या वाफ्यावरून एक टिटवी ओरडत गेली, तेव्हा त्यानं मान वर केली आणि स्वच्छ म्हणाला, "टिटवी." एवढंच. उज्वला हातातली परात तशीच धरून उभी राहिली. त्या एका शब्दावर तिनं ही सगळी सफर बांधली होती. गाडी चालवायला ती मागच्याच वर्षी शिकली होती, गाडी दारात उभी राहून सडायला लागली म्हणून.

खरांगणा मागे पडलं, आर्वी मागे पडली. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा धुळीनं करड्या झाल्या होत्या. इतकी वर्षं काचेच्या आत बसून ऐकलेली पाखरांची नावं आता तिच्याच तोंडातून निघत होती, आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं.

"अवो, तो पाहा तारेवर. नीलपंख. उडाला का निळा दिसते, तुमीच दाखवलं होतं."

तो तिच्या बोटाकडे पाहायचा. तारेकडे नाही.

"तो खाटीक. बाभळीवर. पाह्यला का?"

तो दुर्बिणीचा पट्टा बोटावर गुंडाळायचा आणि सोडायचा.

तळेगावला तिनं गाडी थांबवली. तर्री-पोहे मागवले, त्याची तर्री वेगळी करून त्याला चमच्यानं भरवले. टपरीवरची माणसं आधी पाहत राहिली, मग त्यांनी नजर वळवली. तेवढ्यात पुण्याहून आचलचा फोन आला.

"आई, बाबाले दे न."

उज्वलानं फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून लेक बोलत होती, बाबा कुठे निघाले, पाणी पिजा, टोपी घालजा. बोलता बोलता तिचा आवाज फुटला. गजेंद्रनं नीट ऐकून घेतलं. मग फोन उज्वलाच्या हातात दिला आणि काळजीनं म्हणाला, "कोनाची तरी पोरगी रडून राह्यली."

तिनं फोन बंद केला. पोह्यांचे पैसे दिले आणि त्याला हात धरून गाडीकडे नेलं.

आष्टीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेनं वर चढलं की तो माळ लागतो. नुसता दगड, गवताची जळाल्यासारखी पिवळी खुंटं, मधूनच एखादं बोरीचं झुडूप नाहीतर पळस. गजेंद्र त्याला धाविकाचा माळ म्हणायचा. धाविक म्हणजे तित्तराहून लहान, मातकट रंगाचं, उंच पायांचं पाखरू. डोक्यावर तांबूस टोपी आणि डोळ्यामागे काळी-पांढरी रेघ. उडण्यापेक्षा धावतंच जास्त. चार पावलं धावून दगडासारखं उभं राहतं, की पाहता पाहता हरवतं. गजेंद्र त्याच्यासाठी अर्धा दिवस पालथा पडून राहायचा.

उज्वलानं एका कडुनिंबाखाली गाडी लावली आणि त्याचा हात धरून त्याला माळावर नेलं. गरम वारा तोंडावर येत होता. एक चंडोल वर चढून गात होता, बाकी हलणारं काही नव्हतं. तिनं दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावून दिली. तो आज्ञाधारकपणे उभा राहिला. नंतर तिच्या लक्षात आलं, त्यानं डोळे मिटून घेतले होते.

मग तिची उमेद संपली. त्याला परत आणून तिनं सीटवर बसवलं, हवा यावी म्हणून दोन्ही दारं उघडी टाकली. बाटलीतलं पाणी तापलं होतं. वाटेच्या पलीकडे, उतारावर, ढोरांसाठी बांधलेलं टाकं होतं आणि त्याला नळ होता. "बसजा अथीच," असं सांगून ती दुपट्टा भिजवायला गेली. नळाची धार बारीक होती. ती तोंड धुवायला थांबली, आणि खरं सांगायचं तर थोडं रडायलाही थांबली.

परत आली तर सीट रिकामी होती. दुर्बीण आणि चपला गाडीतच पडल्या होत्या.

"अवो!" तिनं हाक मारली. माळावर हाकेला अडवणारं काही नव्हतं, ती लांब गेली आणि तिकडेच विरली. तिनं एकदा रस्त्याकडे धाव घेतली, मग उलट टाक्याकडे, मग पुन्हा गाडीकडे. पळसाखाली शेळ्या घेऊन बसलेली एक बाई उठून तिच्याकडे आली. पंचफुला तिचं नाव.

"काय झालं व बाई?"

"माणूस पाह्यला का? पांढरा सदरा. त्याईले काई समजत नाई वो, बिमार हायेत."

"त्या टेकाडाकडे गेला न एक जण. पायात काई नवतं त्याच्या. मले वाटलं, नवस-बिवस असन गिरडच्या बाबाचा." पंचफुलानं काठी उचलली. "चाल, मी येतो."

दोघी जवळजवळ पळतच गेल्या. टेकाडाच्या मागे, अगदी उघड्या दगडी जागेत, गजेंद्र उकिडवा बसला होता. पाठ सूर्याकडे, मान खाली. उज्वलाला आधी वाटलं त्याला भोवळ आली. मग तिला ते पाखरू दिसलं. तांबूस टोपीचं. चार पावलं धावत होतं, थांबत होतं, पुन्हा मागे फिरत होतं. त्याची चोच उघडी होती.

"हळू," गजेंद्र म्हणाला. मान न उचलता, बारीक आवाजात. "ऊन लागन त्याईले."

त्याच्या सावलीत, नुसत्या जमिनीवर, दोन अंडी होती. दगडांच्याच रंगाची.

पाखरांविषयी तो कित्येक महिन्यांत पुरं वाक्य बोलला नव्हता. उज्वला मटकन खाली बसली. तिच्या छातीत आनंद असा दाटला की तिला क्षणभर उन्हाचं भानच राहिलं नाही. हाच तो माणूस. इथेच होता, आत कुठेतरी.

मग तिचं लक्ष पुन्हा त्या पाखराकडे गेलं. एकदा इथेच फोटो काढायला आलेल्या कोणावर तरी गजेंद्र गाडीपर्यंत ऐकू येईल असा ओरडला होता: घरट्याजवळ बसू नका, पाखरू अंड्यांवर सावली धरते, ते दूर राह्यलं तर अंडी उकडून जातात. आता तोच बसला होता, आणि मादी त्याच्याच भीतीनं जवळ येत नव्हती. सूर्य सरकला की एक अंडं उन्हात येत होतं, मग तो बसल्या बसल्या तिकडे सरकत होता. त्याच्या तळव्यांची कातडी सुटली होती. चेहरा तांबडालाल, आणि घामाचा थेंब नाही.

"चाला आता. त्याईची माय आली पाहा. ते बसन अंड्यांवर. आपण जाऊ."

त्यानं वर पाहिलं. नजर मवाळ होती, परक्या बाईकडे पाहावं तशी.

"बाई, तुमी जा. मी बसतो अथी."

"मी उज्वला आहो. अवो, मी उज्वला."

"उज्वला?" तो जरासा हसला. "ते गाडीत हाय. तिले ऊन चालत नाई."

पंचफुला म्हणाली, "बाई, बोलत नको बसू. मानूस जाईन तुहा."

दोघींनी त्याला दोन्ही बगलांना धरलं. तो आधी अंग सोडून बसला, मग धडपडू लागला. त्याचा कोपर उज्वलाच्या जबड्यावर बसला. तिनं ओठ आवळून त्याला पुन्हा ओढलं, पाय रोवायला मागे घेतला, आणि चपलेखाली काहीतरी अगदी हलकेच फुटलं.

तिघंही थांबले. तिनं पाय उचलला. दगडावर पिवळं पसरलं होतं, आणि दगड इतका तापलेला की त्याची कड लगेच पांढरी व्हायला लागली.

गजेंद्रनं ते पाहिलं. ओरडला नाही. त्याच्या तोंडावरचं ते जागेपण हळूहळू निघून गेलं आणि त्याचे हात सैल पडले. मग त्या दोघी नेतील तसा तो चालू लागला, फोडांवर पाय टेकत, कण्हतसुद्धा नव्हता.

वाटेत उज्वलानं वळून पाहिलं. मादी एका दगडापाशी उभी होती, उरलेल्या अंड्यापासून दूरच. अजून बसली नव्हती. त्यापुढे काय झालं ते तिला कधी कळलं नाही.

टाक्यावर पंचफुलानं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, ओला दुपट्टा गुंडाळला. आष्टीच्या सरकारी दवाखान्यात त्याला सलाईन लागलं. डॉक्टर तरुण होती. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, एवढंच ती म्हणाली, आणि मग उज्वलाच्या सुजलेल्या जबड्याकडे पाहून तिनं हलकेच विचारलं, "तुम्हाला कोणी मारलं का?"

"नाई," उज्वला म्हणाली. "पडली मी."

उज्वलाचा फोन मिळाल्यावर दिवस कलता कलता कैलास आला. मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून तेवढं अंतर आला होता, म्हणजे परतताना गाडी तो चालवेल. त्यानं भावाचे पट्ट्या बांधलेले पाय पाहिले. 'मी सांगतलं होतं' हे त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. पण तो स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला.

"काई ओळखलं का दादानं तथी?"

सलाईनचे थेंब पडत होते. गजेंद्र छताकडे पाहत होता.

"ओळखलं," ती म्हणाली. "पुन्हा नाई नेणार मी त्याईले."

कैलासनं मान हलवली. नर्सनं सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितलं. मग त्यानं वाकून भावाला लहान पोराला घ्यावं तसं दोन्ही हातांवर उचललं, आणि उज्वला पुढे होऊन दार धरून उभी राहिली.