बारा मिनिटं पुढे

त्या घरात सहा घड्याळं होती आणि त्यातलं एकही खरं बोलत नव्हतं. बाहेरच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक, निजायच्या दोन खोल्यांत दोन, एक बाबांच्या मनगटावर आणि एक चक्क न्हाणीघराच्या दारावर, कारण अंघोळीला गेलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही असं बाबांचं ठाम मत. सगळी बारा मिनिटं पुढे. दहा नाही, पंधरा नाही, बारा. बाबा एकतीस वर्षं शाळेत शिपाई होते. घंटेचं काम त्यांच्याकडे, म्हणून पोरं त्यांना टोलकाका म्हणायची. एकतीस वर्षांत शाळा एकदाही उशिरा भरली नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचे. दर रविवारी ते स्टुलावर चढून सगळी घड्याळं तपासत, आणि एखादं मेलं अकरावर घसरलेलं असलं की त्याला पुन्हा बारावर आणत.

गंमत अशी, की याचा उपयोग शून्य. घरातला प्रत्येक जण घड्याळाकडे बघितलं की मनातल्या मनात बारा वजा करायचा. मुलगा करायचा, सून करायची. चार वर्षांची नात, जिला वीसपर्यंत आकडे धड म्हणता येत नव्हते, तीसुद्धा ओठ हलवून काहीतरी वजा केल्यासारखं करायची. उशीर व्हायचा तेवढा होतच होता. पण हे बाबांना सांगणार कोण?

तर या घरातली सून प्रोग्रॅमर होती. होती म्हणजे लेक व्हायच्या आधी होती. मग पाच वर्षं घरी, आणि तेवढ्यात या धंद्यातली सगळी साधनं बदलून गेली. पुन्हा नोकरीला लागायचा तिला धीर होत नव्हता. तेव्हा बाबाच म्हणाले, "घर मी बघतो. चारशे पोरं सांभाळली, ही एक काय जड आहे?" एका लहानशा कंपनीनं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं, काम घरून, कॉम्प्युटर कंपनीचा. वाचनालयासाठी एक प्रोग्रॅम करायचा होता. वाचकाला पुस्तकाचं अर्धमुर्धं नाव आठवत असलं, तरी पुस्तक हुडकून द्यायचं. त्या वाचनालयाचं नवं दालन आज चारला उघडणार होतं. तीनच्या आत तिचं काम पोचायला हवं होतं. आणि तीन महिनेही आजच संपत होते. कंपनीच्या मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं की हे काम बघून काय ते ठरवू.

सकाळी कॉम्प्युटर उघडला, तर रात्रीत अपडेट होऊन बसलेला. नवा रंग, नवी चित्रं, 'तुमचं स्वागत आहे' वगैरे. सूनबाईनं त्याकडे काणाडोळा केला आणि बिल्ड सुरू केला. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या मजकुराचा चालता प्रोग्रॅम करायचा. त्यासाठी लागणारे सुटे भाग कॉम्प्युटर कंपनीच्या कोठारातून ओढून आणतो आणि जोडतो. एरवी वीस मिनिटांचं काम. आज अर्ध्या मिनिटात सगळा पडदा लाल झाला. चाळीसएक ओळी, आणि सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत: प्रवेश नाकारला.

आता कोणाही शहाण्या माणसानं काय केलं असतं? पुढच्या ओळी वाचल्या असत्या. सूनबाई शहाणी होती, पण घाबरलेलीही होती, आणि घाबरलेल्या माणसाला जे ऐकायची भीती असते तेवढंच दिसतं. प्रवेश नाकारला म्हणजे काय? म्हणजे आपल्याला काढलं. तीन महिने संपले, कुणीतरी यादीतून नाव खोडलं, सांगायची कुणाची छाती झाली नसेल.

मग मॅडमना फोन करून विचारायचं ना सरळ? तेच तर तिला जमेना. विचारलं आणि त्या 'हो' म्हणाल्या तर? त्यापेक्षा लाल पडदा परवडला. तिनं स्वतःच खटपट सुरू केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पासवर्ड बदलला. अपडेट काढून जुनं साधन घातलं, तर कोठारानं त्याला दारातच उभं केलं, म्हणालं, आता नवंच चालेल. मग नवं पुन्हा घातलं. साठवलेला सगळा गाळ पुसून काढला. दर वेळी आशेनं बटण दाबायचं आणि दर वेळी तोच लाल पडदा. मध्ये तिनं नवऱ्याला दुकानात फोन करून माझ्या कॉम्प्युटरला हात लावलास का म्हणून झाडलं. त्या बिचाऱ्यानं शपथेवर सांगितलं की तुझ्या कॉम्प्युटरवर मी कधी सावलीही पाडली नाही. ते खरंच होतं, पण त्या दिवशी खऱ्याला भाव नव्हता.

बाहेर बाबांनी घर कसं चिडीचूप ठेवलं होतं. नातीला ते कुजबुजत गोष्ट सांगत होते, आणि ती मध्येच मोठ्यानं हसली की स्वतःच्याच तोंडावर बोट ठेवत होते. दोनदा ते दारात येऊन जेवणाचं विचारून गेले. दोन्ही वेळा सूनबाईनं नुसता हात हलवला.

शेवटी तिनं हात टेकले. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून ती नुसती खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहिली. आणि दुसरं काही नाही म्हणून वाचू लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ, अशी खाली खाली जात अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तुमच्याकडची वेळ एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं, आमच्याकडची वेळ एक वाजून पस्तीस मिनिटं, पाच मिनिटांहून जास्त फरक चालणार नाही.

सत्तेचाळीस वजा पस्तीस. त्या घरातल्या कुणालाही ही वजाबाकी करावी लागली नसती.

तिनं पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ बघितली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन्ही तंतोतंत जुळत होती. तीन महिने ती रोज त्या कोपऱ्याकडे बघत होती आणि सवयीनं बारा वजा करून कामाला लागत होती, आणि यात काही विचित्र आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं. मीटिंगची आठवण करून देणारी घंटाही कॉम्प्युटर बारा मिनिटं आधीच वाजवायचा, आणि ती लगेच जाऊन बसायची. जुन्या साधनाला वेळेचं सोयरसुतक नव्हतं. नवं कडक निघालं, वेळ जुळत नसलेल्याला आत घेईना. तिला कुणी काढलं बिढलं नव्हतं. ती फक्त बारा मिनिटं आधी दार ठोठावत होती.

आधी तिला हसू आलं, आणि मग असा सणसणीत राग आला म्हणता! सकाळपासून जीव टांगणीला लागलेला, नवऱ्याशी भांडण झालेलं, पोटात अन्नाचा कण नाही, आणि हे सगळं कशापायी? ती उठून दारापर्यंत गेलीसुद्धा. बाबा जमिनीवर बसून मटार सोलत होते आणि नात त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पाय अवघडला असणार, पण ते हलत नव्हते. सूनबाईचा राग काही गेला नाही, पण तो घेऊन जायचं कुठे ते तिला कळेना. ती परत आली, तिनं घड्याळ बरोबर केलं आणि बटण दाबलं. लाल काही आलं नाही. एकेक भाग येऊ लागला, जुळू लागला, आणि सव्वादोनला तिचं काम कंपनीकडे पोचलंही.

पाच मिनिटांत मॅडमचा फोन आला. सूनबाईचे हात कीबोर्डवर होते, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. नेमके तेव्हाच बाबा ताट वाढून घेऊन दारात आले आणि बोलणं चाललेलं बघून तिथेच थबकले. मॅडमनी काम मिळाल्याचं सांगितलं आणि विचारलं की सकाळपासून पत्ता नव्हता, झालं काय होतं?

सूनबाई म्हणाली, अपडेटमुळे अडकलं होतं. ते काही खोटं नव्हतं. अपडेटवर खापर फोडलं की या धंद्यात कुणी पुढचं विचारत नाही. विषय तिथेच मिटला असता, सासऱ्यांची लाज राहिली असती आणि तिचीही. पण मॅडमनी सुस्कारा टाकला. म्हणाल्या, तोच लाल पडदा कंपनीतल्या त्या दुसऱ्या प्रोग्रॅमरकडे, दाढीवाल्याकडेही आहे. त्यानं दोनदा सगळं काढून पुन्हा घातलं आणि आता अख्खा कॉम्प्युटर पुसायला निघाला आहे. पुस्तक परत घेण्याचा भाग त्याच्याकडे, तो आला नाही तर चारला दालन उघडणार कसं?

आता गप्प बसणं म्हणजे त्याला बुडू देणं.

"मॅडम, त्याला म्हणावं काही पुसू नकोस. कॉम्प्युटरचं घड्याळ बघ. पाच मिनिटांहून जास्त चुकलं असेल तर नवं साधन आत घेत नाही. माझं तेच झालं होतं."

"तुझं घड्याळ चुकलं होतं? कंपनीच्या कॉम्प्युटरचं? ते कसं काय चुकेल?"

सूनबाईनं क्षणभरच विचार केला. "मीच पुढे लावलं होतं. सवयीनं."

"तिनं नाही लावलं."

बाबा आत आले होते. ताट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि फोनवर वाकून, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात बोलू लागले. "मी तिचा सासरा बोलतोय. कॉम्प्युटर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते बारा मिनिटं पुढे केलं. तिला कामावर कधी उशीर होऊ नये म्हणून. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. ती सकाळपासून जेवलेली नाही. काय बोलायचं ते मला बोला, पण तिला काढू नका."

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. एकतीस वर्षं कुणाच्या एका शब्दाला जागा न दिलेला हा माणूस, तिच्यासाठी एका परक्या बाईसमोर चूक कबूल करत होता. तिला रडू फुटलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

मग मॅडमनी हळूच विचारलं, "काका, म्हणजे तीन महिने ही रोज मीटिंगला सगळ्यांच्या आधी येऊन बसते, ती तुमच्यामुळे?"

"म्हणजे काय, माझ्यामुळेच," बाबा म्हणाले. अपराधी माणसाला शोभणार नाही इतपत अभिमान त्यात होताच. मॅडम मोकळेपणानं हसल्या आणि म्हणाल्या, थांबा, आधी त्या दाढीवाल्याला गाठते.

ती दहा मिनिटं बाबा उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. मग फोन आला. दाढीवाल्याच्या जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपली होती आणि त्याचं घड्याळ सात मिनिटं मागे पडलं होतं. ते बरोबर केल्यावर त्याचं काम चालू झालं आणि तीनच्या आत पोचेल असं दिसत होतं. मॅडम पुढे म्हणाल्या, "मेसेज दोघांनाही तोच आला होता. त्यानं दोनदा सगळं काढून पुन्हा घातलं. तू शेवटची ओळ वाचलीस. मला अशीच माणसं हवी आहेत. सोमवारपासून पक्की."

सूनबाईच्या तोंडून मग खरं ते निघून गेलं, की मला वाटलं तुम्ही मला काढलंच, म्हणून मी सकाळपासून फोनच केला नाही. त्यावर मॅडमनी तिची चांगली खरडपट्टी काढली, आणि ती ऐकताना सूनबाई तोंडभर हसत होती. पक्क्या माणसालाच कुणी इतकं मनापासून रागावतं.

फोन ठेवल्यावर बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. आज पहिल्यांदाच ते घड्याळाकडे न बघता बसले होते. नोकरीचं त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग खाली बघत म्हणाले की हे यंत्र पुन्हा चुकू नये यासाठी काय करायचं ते मला दाखव, म्हणजे माझ्या हातून परत असं व्हायचं नाही.

तिनं दाखवलं. एक बटण होतं, वेळ आपोआप लावण्याचं. बाबांनी तेव्हा तेच बंद केलं होतं. चालू असलं की कॉम्प्युटर बाहेरून कुठून तरी बरोबर वेळ विचारून घेतो, कुणाला काही करावं लागत नाही. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"म्हणजे कुणी लावायचंच नाही? कुणी बघायचंही नाही?" ते म्हणाले. "मग उद्या चुकलं, तर जबाबदार कोण?"

सूनबाईनं ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला.

"मी," ती म्हणाली. "आता पक्की आहे ना मी."