आबांचा अभिप्राय

"अहो, उठा तिथनं. ते काम त्याचं हाय," आई पलंगावरून म्हणाली.

"त्याचं हाय म्हणूनच करतोय," आबा आतून म्हणाले.

जहाजातल्या आमच्या खोलीचं न्हाणीघर म्हणजे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. तिथे आबा उकिडवे बसून कमोडच्या मागची फरशी स्वतःच्या जुन्या बनियनने पुसत होते. सकाळचे सहा वाजले होते. जहाज लक्षद्वीपहून परत निघालं होतं. उद्या मुंबई, तिथे दिवसभर फिरणं, आणि संध्याकाळच्या गाडीने दौंड. सहल संपत आली होती आणि आबांनी आतापर्यंत समुद्रापेक्षा फरशीच जास्त बघितली होती.

साडेसातला दारावर टकटक झाली. "हाउसकीपिंग! गुड मॉर्निंग, सर."

सर म्हणजे आमचे आबा, मच्छिंद्र, रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज पायी रूळ तपासणारे कीमन. आणि त्यांना सर म्हणणारा होता त्यांचाच मुलगा, माझा धाकटा भाऊ सम्राट. अंगात राखाडी गणवेश, छातीवर 'सॅम' लिहिलेला बिल्ला. दार लागेपर्यंत तो सॅम असायचा.

"आबा, परत? आवो, मला काय करायला ठेवता का न्हाई?"

"तू बस. चा पी."

खुर्चीच्या कडेवर टेकून तो चहा प्यायचा आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. दहा मिनिटं. त्या रोजच्या दहा मिनिटांसाठी आम्ही आलो होतो, समुद्र आपला वरकड. ऑफ सीझनला रिकाम्या खोल्या स्वस्तात निघतात म्हणून त्याने आमची तिकिटं काढली होती आणि खटपट करून आम्हाला स्वतःच्याच मजल्यावर आणलं होतं. कर्मचाऱ्याने घरच्या माणसांना आपल्या मजल्यावर ठेवायचं नाही असा तिथला कडक नियम. तेव्हा बाहेर ओळख दाखवायची नाही, असं त्याने आम्हाला बजावलं होतं. आई जेवणाच्या हॉलमध्ये त्याच्याकडे अशी चोरून बघायची की मला हसू यायचं.

आबांना मात्र हसू आलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी शेजारच्या उघड्या दारातून सम्राटला कुणाचं तरी न्हाणीघर घासताना बघितलं आणि तसेच माघारी फिरले. आमच्या आजोबांनी बाबासाहेबांचं ऐकून गावकीची कामं सोडली होती. गावाने बलुतं बंद केलं, तेव्हा ते बायकापोरांसकट दौंडला आले आणि रेल्वेच्या गँगमध्ये लागले. दुसऱ्याची घाण आपण उचलायची नाही, हे आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं जातं. पण आबा सम्राटला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून खोली स्वतः साफ करायला लागले. निदान बापाचा संडास तरी पोराने धुऊ नये, एवढंच त्यांच्या हातात होतं.

बोलणार तरी काय? सम्राटची चार वर्षं सणसवाडीच्या कंपन्यांमध्ये गेली. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. शेवटी तेही बंद झालं आणि पोरगं वर्षभर घरात पडून राहिलं. त्या वर्षी आईने त्याच्या खोलीची आतली कडी सुताराकडून काढून घेतली होती. जहाजावर लागल्यापासून तो पुन्हा जेवायला लागला होता, फोनवर हसायला लागला होता.

"बुधवारी लिस्ट लागती," कप ठेवत तो म्हणाला. "अभिप्राय चांगले असले की दोन वर्षांचं काँट्रॅक्ट. आबा, फॉर्म तेवढा नीट भरा. समद्याला पाच स्टार."

"भरतो की. त्यात काय."

संध्याकाळी मी आईला घेऊन वर डेकवर गेले, तेव्हा आबा फॉर्म घेऊन बसले होते. तासाभराने आलो तर ते अजून तिथेच. पाचही तारे रंगवून झाले होते, अगदी रेषेच्या बाहेर न जाता. पण खाली चार ओळी मोकळ्या होत्या आणि आबांना मोकळी ओळ बघवत नाही. चौतीस वर्षं रोजची डायरी लिहिलेला माणूस. जे केलं ते लिहायचं, जे केलं नाही ते लिहायचं नाही.

त्यांनी लिहिलं होतं: 'सॅम हा मुलगा गुणी व प्रामाणिक आहे. त्यास त्रास नको म्हणून खोली व संडास आम्ही रोज स्वतः साफ केले. आमची काहीही तक्रार नाही.' खाली तारखेसह सही.

"बरं हाय का गं, राजश्री?" त्यांनी विचारलं.

माझे डोळे भरून आले होते. मी बी.कॉम. झालेली, शिरूरला पतसंस्थेत नोकरीला, दिवसभर लोकांचे फॉर्म तपासते. म्हटलं, "लई चांगलं लिहिलंय, आबा." आणि काउंटरवर तो फॉर्म मीच नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरल्यावर आम्ही आधी चैत्यभूमीला जाऊन आलो. बाराला सम्राट आम्हाला गेटवेपाशी भेटला. त्याला चार तासांची सुट्टी होती. साध्या शर्टात, बिल्ल्याशिवाय. आई त्याच्या दंडाला धरून चालत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होती, जणू आता लपवायची गरज नाही हे सगळ्यांना कळावं. तिथून टॅक्सीने राणीच्या बागेत गेलो.

काचेपलीकडे पेंग्विन चालत होते. आई म्हणाली, "आगं बाई, हे तर आपल्या हौसराव मामांवानी चालतंय," आणि आम्ही चौघंही पोट धरून हसलो. तेवढ्यात सम्राटचा फोन वाजला.

तो बाजूला गेला. "येस सर," मला ऐकू आलं. "नो सर." मग पुन्हा, "येस सर."

मी त्याच्याजवळ गेले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"ताई, मी खोली साफच केली न्हाई म्हणत्यात. प्रवाशानं हातानं लिहून दिलंय म्हणं. अन् रोज साफ केली म्हणून मी तक्त्यावर सही केलीय. लिस्टमधनं नाव काढलं. पुढची फेरी झाली की घरी."

"मग सांग की त्यांना! आईबाप हायेत, त्यांनी करू दिलं न्हाई म्हणून सांग!"

"घरची माणसं लपवून ठेवली म्हणून सांगू? मग शेरा पडतोय, ताई. कुठल्याच जहाजावर घेत न्हाईत."

"मी वाचला होता रे तो फॉर्म. मीच दिला."

त्याने फोन खिशात टाकला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आबांना सांगू नको," एवढंच म्हणाला आणि आईसाठी पाण्याची बाटली आणायला गेला.

आबांना त्याने सांगितलं की कंपनी माणसं कमी करतेय. आबांनी मान हलवली. गाडी घाट चढत असताना, आई डोळे मिटून बसली होती तेव्हा, त्यांनी हळूच विचारलं, "राजश्री, त्या फॉर्मात माझं काय चुकलं का गं?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आबांना तेवढं पुरलं. दौंडपर्यंत ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होते.

मी शिरूरला जायला निघाले त्या सकाळी त्यांनी मला बसवून पत्र सांगितलं. "लिही. त्या पोराची काय चूक न्हाई. मी त्याचा बाप हाय. मीच त्याला हात लावू दिला न्हाई. काय शिक्षा करायची ती मला करा." मी इंग्रजीत लिहून काढलं. त्यांनी सही केली आणि पत्ता दोनदा तपासायला लावला.

"शिरूरनं कुरियर करते," मी म्हणाले.

ते पत्र माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. पाठवलं तर सम्राटवर शेरा पडेल. पाठवलं नाही हे सांगितलं तर आबांकडे काहीच उरणार नाही. मी आयुष्यात इतकी हतबल कधी झाले नव्हते.

सम्राट घरी येऊन आता तीन आठवडे झाले. खोलीतच असतो. आई ताट दारात ठेवते, अर्धं परत येतं. आबा त्याला सांगतात, "थांब जरा, मी अर्ज केलाय." तो काही विचारत नाही.

आबा रोज मला फोन करतात. काल दुपारीही आला.

"आलं का गं उत्तर?"

"न्हाई अजून, आबा. आज रविवार हाय. आज कुठलं टपाल?"

"व्हय की," ते म्हणाले. "रविवार हाय." आणि तरी त्यांनी फोन ठेवला नाही.