आधी पाट बघ

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला ते एकोणऐंशी साल. एका साखर कारखान्याच्या ऊसतोडणीच्या पाळ्या त्यावर लावायचं काम माझ्याकडे होतं. चार वाजता चाचणी. पुन्हा अडकलं तर काम दुसऱ्याला, असं देशिंगकर सरांनी सकाळीच बजावलं होतं.

पाळ्यांची यादी एक, तीत लिहिणारे प्रोग्राम चार. दोघांनी एकदम लिहू नये म्हणून लिहिणाऱ्यानं यादीला कुलूप घालायचं, झालं की काढायचं. पण एखादा कुलूप घालून मध्येच बंद पडला, की बाकीचे तिघे ताटकळत.

"कुलूप तोडा की सरळ," सर म्हणाले.

"काल तोडलं, सर. जोतीराम नावाचा शेतकरी दोन पाळ्यांत आला, आणि यादीतला त्याचा शेजारी कुठेच नाही."

दोन वाजता आत्याबाई, माझ्या सासूबाई, बाळाला पाजायला घेऊन आल्या. त्याचं थोडं तापलेलं कपाळ पुन्हा पुन्हा चाचपत मी त्यांना सगळं सांगितलं.

"आगं अंजना, कोरेगावच्या आपल्या हिरीवर ह्येच झालं हुतं! केरबा उसाला पाणी द्यायला दारं धरताना चक्कर यिऊन पडला, इंजिनबी बंद पडलं. इंजिनघराची किल्ली त्येच्या कमरंला. पुढल्या पाळीच्या ज्ञानूनं ती काढली न् इंजिन चालू केलं. केरबानं मोडलेलं वाफ्याचं दारं तसंच उघडं. समदं पाणी वढ्यात!"

"मग, आत्याबाई?"

"तवापासनं पडलेल्याची किल्ली घिणाऱ्यानं आधी पाट फिरून यायचं. उघडं दारं बुजवायचं, मगच इंजिनाला हात. आन् पाटच फुटला आसंल तर किल्ली ठिवून द्यायची. कुणीच पाणी घ्यायचं न्हाई."

मी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. कुलूप मी पुढच्याला देत होते, पण ते मेलेल्याच्या हातातलं आहे हे त्याला सांगतच नव्हते! बदलण्याआधीची ओळ बाजूला उतरवून ठेवलेली असायची. ती कुणी बघत नव्हतं, एवढंच. मेलेल्याचं कुलूप घेणाऱ्यानं आधी ती बघायची, असं मी चारही प्रोग्रामांत लिहिलं.

चारला सरांनी मुद्दाम दुसरा प्रोग्राम मध्येच मारला. बाहेर बाळ रडायला लागलं. मी उठले नाही, आत्याबाई होत्या.

कॉम्प्युटरचा टेलिप्रिंटर खडखडला : आधीचा गेला. यादी तपासतो. मग : अर्धी ओळ पुसली, जुनी लावली. पुढे चालू. तिघेही कामाला लागले.

सरांनी जोतीराम शोधला. एकाच पाळीत. शेजारीही जागेवर.

"अजून एकदा मारून बघतो."

"मारा की, सर," म्हणत मी बाळाला घ्यायला बाहेर गेले.